जित्या माणसाची गाडी

"फंडाचा पैसा मेलेल्या माणसाचा असतोय, जालिंदर. तात्या अजून जिता हाय."

खजिनदार निवृत्तीभाऊ हे इतक्या शांतपणे म्हणाले की क्षणभर मलाच वाटलं, तात्या जिवंत आहेत यात माझंच काहीतरी चुकलंय.

"म्हंजे त्यांनी आधी मरावं, मग आपण गाडी करायची?" मी विचारलं.

"तसं न्हाय रं." निवृत्तीभाऊंनी हिशेबाची वही पुढं ओढली. "पण नियमात तसंच हाय."

खोलीत बसलेले लोक खाली बघू लागले. कुणाला हसू आवरत नव्हतं, कुणाला लाज आवरत नव्हती. गणपती तोंडावर आले होते आणि आमच्या मंडळाची बैठक सेलमच्या बाजारपेठेतल्या त्या एका खोलीत भरली होती. फार वर्षं झाली याला. आता मंडळाची वर्गणी मोबाईलवरून जमा होते आणि पोरं बैठकीला येतही नाहीत. तेव्हा मात्र दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा.

आम्ही सगळे खानापूर तालुक्यातले, करंजखडी आणि आसपासच्या वाड्यांमधले. रान कोरडं, विहिरी त्याहून कोरड्या. म्हणून आमच्याकडचा माणूस मिसरूड फुटलं की गलाईला बाहेर पडायचा. सोनारांचं जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं, हे आमचं काम. तमिळ मुलखात राहून आम्ही सांबार ओरपायला शिकलो, पण गावाहून कुणी आला की त्याच्या पिशवीत ज्वारीचं पीठ आहे का, हे आधी बघायचो.

मंडळ निघालं ते एका मरणामुळं. आमच्यातला सेलमला आलेला पहिला माणूस तिथंच वारला. गाडीला पैसे नव्हते, म्हणून लोकांनी तिथंच अग्नी दिला आणि राख तांब्यातून गावाला नेली. त्याच्या आईनं तांब्यात डोकावून बघितलं आणि "ह्यो माझा न्हवं" म्हणून आत निघून गेली. ती मरेपर्यंत लेकाची वाट बघत होती म्हणतात. तेव्हा ठरलं, दरमहा माणशी दोन रुपये काढायचे, आणि जो इथं मरेल त्याला गाडी करून गावाला पोचवायचा. घरच्यांना तोंड दिसलं पाहिजे. दोनाचे पाच झाले, पाचाचे वीस झाले. मध्यंतरी एकानं बहिणीच्या लग्नाला म्हणून फंडातून पैसे उचलले, ते वसूल करता करता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून नियम कडक झाला, फंडाला मेलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

हा नियम करणारे हिंदुरावआण्णा बाबर अध्यक्षाच्या जागी भिंतीला टेकून बसले होते.

आणि ज्यांच्यासाठी मी भांडत होतो ते मारुतीतात्या माने सरकारी दवाखान्यात नळी लावून पडले होते. तात्या माझे उस्ताद. त्यांच्या दुकानात मी काम शिकलो, तिथंच माझी तिशी उलटली. तेजाबाच्या धुरानं त्यांची छाती पार खाल्ली होती. डॉक्टर म्हणाले, आता फार काही होणार नाही, आगगाडीत बसवू नका, न्यायचंच असेल तर ऑक्सिजनची गाडी करा. गाडीवाला चौदा हजार म्हणाला. त्याच साली मंडळानं लागोपाठ दोन माणसं गावाला पोचवली होती, फंडात जेमतेम एका मढ्याचं भाडं उरलं होतं. आमच्या दुकानाची कमाई तात्यांच्या औषधात गेली होती. वर्गणी काढू म्हटलं तर तात्या भडकले. "माझ्या नावानं झोळी फिरवलीस तर ही नळी उपसून टाकीन," म्हणाले. त्यांचं मागणं एकच होतं.

"मला गावाला न्ह्या. मेल्यावर न्हेऊन काय उपेग? मला दिसणार हाय व्हय?"

मी हे जसंच्या तसं बैठकीत सांगितलं. सगळे आण्णांकडं बघू लागले. आण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला.

"नियम म्या केलाय," ते म्हणाले. "म्याच मोडला तर उद्या कोण पाळंल?"

मला इतका राग आला की मी उठायलाच निघालो.

"पर लिलावाचा पैसा फंडात पडस्तवर कुणाचाच नसतोय," आण्णा भिंतीकडं बघत म्हणाले. "ह्या वर्साचा लिलाव कसा व्हतोय, बघा." आणि चपला घालून निघून गेले.

लिलावाचं ऐकून माझा धीर आणखीच सुटला. विसर्जनाआधी गणपतीपुढच्या वस्तूंचा आम्ही लिलाव करायचो. फळं, शेला, मोदक आणि सगळ्यात शेवटी कलशावरचा नारळ. बाकीच्या वस्तूंचं किरकोळीत भागायचं. फंडाचा खरा आधार होता नारळ, आणि नारळाचा आधार होती आण्णा आणि तात्यांची इरेसरी. एके काळी दोघांचं भागीत एकच दुकान होतं. एकदा गिऱ्हाइकाची चांदी कमी भरली, कुणीतरी काहीतरी बोललं, आणि आण्णांनी रस्त्याच्या पलीकडं, बरोब्बर समोर, दुसरी भट्टी लावली. तेव्हापासून बोलणं बंद. वर्षातून एकदाच दोघं एकमेकांशी बोलायचे, ते नारळाला, आणि तेही आकड्यांत. तात्या वाढवायचे, आण्णा त्यावर चढवायचे. शेजारच्या इरोड-नामक्कलची आमची माणसं खास ते बघायला यायची. शेवटी नारळ दरवर्षी आण्णाच न्यायचे आणि आम्ही तात्यांची माणसं तोंडं पाडून घरी यायचो. गेल्या वर्षी बोली अकरा हजारांवर गेली होती. यांचं वैर आहे म्हणून आपलं मढं गावाला जातंय, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

आता त्यातला एक दवाखान्यात होता. एका हातानं टाळी कशी वाजायची?

तात्यांना सांगितलं तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते. पारूकाकी, त्यांच्या मंडळी, पायाशी बसून पाय चेपत होत्या.

"माझी बोली तू लाव," तात्या म्हणाले.

"मी? आणि पैसे?"

"पैशे मला कवा लागल्यात?"

मला काही समजलं नाही. वाटलं, तापात बोलतायत.

"त्यो बोलला की तू वाढवायचं," तात्या दम घेत घेत म्हणाले. "थांबायचं न्हाय. भ्या वाटंल, तरी न्हाय."

"आणि आण्णा गप बसले तर? नारळ आपल्या गळ्यात पडंल, तात्या. काकींच्या पाटल्या गेल्यात आधीच."

काकींनी पाय चेपायचं थांबवलं. तात्या हसायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "बसंल तवा बघू."

विसर्जनाच्या दिवशी नारळ पुकारायला निवृत्तीभाऊ उभे राहिले. त्यांच्याही आवाजात जोर नव्हता. आण्णा पुढं खुर्चीवर बसले होते.

"एकशे एक," आण्णा म्हणाले.

"मारुती मान्यांचे दोनशे एक," मी मागून ओरडलो.

सगळ्यांच्या माना वळल्या. आण्णांची वळली नाही. "पाचशे," ते म्हणाले.

मध्ये दोघाचौघांनी हौसेनं तोंड घातलं, पण हजाराच्या पुढं आम्ही दोघंच उरलो. मी तात्यांचं नाव घेऊन वाढवत होतो. आण्णा अकरा हजार म्हणाले. गेल्या वर्षीची बोली गाठली होती.

"मारुती मान्यांचे बारा."

आण्णा गप्प.

"बारा हजार एक वार," निवृत्तीभाऊ म्हणाले. ते माझ्याकडं असे बघत होते, जणू मी विहिरीच्या काठावर उभा होतो. "बारा हजार दोन वार..."

माझ्या डोळ्यांपुढं दुकान आलं, भट्टी आली, काकींचे रिकामे हात आले. तेवढ्यात आण्णा पहिल्यांदा मागं वळले.

"मारुती म्हणतोय का तू म्हणतोयस?"

"तात्या म्हणत्यात."

"तेरा," आण्णा म्हणाले.

तेराला गाडी होत नव्हती. आणखी वर न्यायचं तर मला चौदा म्हणावं लागणार होतं, आणि चौदाला आण्णा थांबले असते तर आमची गाडी आम्हालाच गाडून गेली असती. पण थांबायचं नाही, असं तात्या म्हणाले होते.

"मारुती मान्यांचे चौदा."

आण्णांनी पुन्हा चष्मा काढला. पुसला. उजेडात धरून बघितला. निवृत्तीभाऊ एक वार म्हणाले, दोन वार म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना.

"पंधरा."

मी तोंड उघडलं, तसा आण्णांनी हात वर केला. "गाडी झाली. ड्रायव्हरच्या जेवणाचं बी झालं. आता पुरं कर म्हणावं त्याला."

सगळा मांडव हसला. मी मात्र होतो तिथंच खाली बसलो.

आण्णांनी त्याच दिवशी रोख पैसे मोजले आणि ते फंडात न पडता थेट गाडीवाल्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी गाडी दवाखान्यातून निघून बाजारपेठेत आली, तेव्हा ते त्यांच्या दुकानातून बाहेर आले. ड्रायव्हर मुरुगेशन ओळखीचा होता, आमची मढी तोच न्यायचा. आण्णांनी त्याच्याशी तमिळमध्ये बराच वेळ हुज्जत घातली. टायर दाबून बघितले, स्टेपनी बघितली, ऑक्सिजनची टाकी घट्ट आहे का ते हलवून बघितलं. आत झोपलेल्या माणसाकडं मात्र त्यांनी एकदाही बघितलं नाही. तात्याही डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

होसूर मागं पडल्यावर तात्यांनी मला जवळ बोलावलं.

"घाबरलास का रं?"

"घाबरू नको तर काय? बाराला आण्णा थांबलं हुतं."

"माझ्या दुकानात बारा हजार कवा एकदम बघितल्यास?"

"न्हाय."

"मग एवढी वर्सं म्या कशाच्या जिवावर बोलत हुतो?"

हा हिशेब आमच्यापैकी कुणीच कधी केला नव्हता.

"एका वर्साला जरी त्यो गप बसला असता, तरी माझं दुकान इकाय लागलं असतं," तात्या म्हणाले. "त्यालाबी ठावं हुतं. बसला न्हाय कवा."

"मग एकदा बोलायचं की त्यांच्याशी, तात्या."

"बोलत हुतोच की. दर साली."

एवढं बोलून ते दमले. काकी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. मी बाहेर बघत बसलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि तात्यांना असलं आवडत नसे.

तात्या करंजखडीला जिवंत पोचले. गाव दिसू लागलं तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला लावली, मागचं दार उघडायला लावलं आणि नुसतं बघत राहिले. बघण्यासारखं काही नव्हतं. दगड, बाभळी आणि माळावरची चार शेरडं. मला मात्र त्यांचं तोंड बघून आमच्या नियमाची लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही माणसं आणत होतो, आणि हे असं तोंड एकाचंही बघितलं नव्हतं.

डॉक्टरांचा अंदाज चुकला. कोरडी हवा मानवली म्हणा, नाहीतर भाकरी मानवली म्हणा, तात्या उठून बसू लागले. मी सेलमला परतलो आणि दुकान चालवू लागलो. रविवारी त्यांचा फोन यायचा. त्या एका फोनसाठी मी आठवडा ढकलायचो, इतकी मला त्यांची आठवण यायची. भट्टी पेटवताना त्यांची शिवी ऐकू आली नाही की काम सुरू झाल्यासारखंच वाटायचं नाही.

सुरुवातीला ते गावाचं कौतुक सांगायचे. मग हळूहळू इकडचं विचारू लागले. कोपऱ्यावर गजरेवाली बसते का? कॉफीवाल्यानं भाव वाढवला का? आणि फोन ठेवायच्या आधी, सहज विचारल्यासारखं, "समोरचं दुकान उघडलंय का?"

"उघडलंय, तात्या."

"हां. असूंदे."

एका रविवारी त्यांनी काहीच विचारलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "जालिंदर, हितं करमंना रं."

"तात्या, आयुष्यभर तुम्ही गाव गाव केलंत."

"केलं की. पर हितं मला वळकणारं कोण ऱ्हायलंय? पोरं म्हणत्यात, त्ये सेलमचं म्हातारं बसलंय बघ. तिकडं म्या करंजखडीचा हुतो." आणि लगेच पुढं, "मला घिऊन जा. औंदा लिलावाला यायचंय."

मी बैठकीत विषय काढला. गणपती पुन्हा तोंडावर आले होते.

"परत आणायचा तर नियमच न्हाय," निवृत्तीभाऊ म्हणाले, आणि सगळे खो-खो हसले. चिडून नाही, मजेनंच हसले. कल्पनाच तशी होती. मंडळाच्या जन्मात गाडी एकाच दिशेनं भरून गेली होती.

आण्णा हसले नाहीत. "फंडातनं गाडी काढा," ते म्हणाले.

"आण्णा, नियम तुमचाच—"

"म्या जातो आणायला."

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही, आणि अध्यक्षांनी ते मंजूर धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा रस्ता ओलांडून आमच्या दुकानात आले. भागी मोडल्यापासून त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता. आत येऊन त्यांनी एकदा भट्टीकडं बघितलं, एकदा तात्यांच्या बसायच्या जागेकडं, आणि उभेच राहिले.

"त्याला वाटंत काय काय लागतंय?"

"उशी उंच लागती. आडवं झालं की दम लागतोय. तोंडाला गार वारं लागू द्यायचं न्हाय."

"च्या घेतोय का कॉफी?"

"चहाच घ्यायचे. आता गावाला गेल्यापास्नं कॉफीची आठवण काढत्यात."

आण्णांनी मान हलवली. जाताना कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडून त्यांनी कॉफीची पूड बांधून घेतलेली मी बघितली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी दुकानात येऊन तात्यांची जागा झाडली, पाण्यानं पुसून काढली. गेल्या कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

नंतरचं मला पारूकाकींनी सांगितलं. आण्णा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. तात्या ओट्यावर बसले होते. आण्णा गाडीतून उतरले आणि म्हणाले, "चल." तात्या म्हणाले, "आधी जेव." जेवणं झाली, कॉफी झाली, आणि दोघं ओट्यावर बोलत बसले. काय बोलले ते काकींना नीट ऐकू आलं नाही. जुन्या गिऱ्हाइकांची नावं आणि हसणं तेवढं आत येत होतं. आता झोपा, असं त्यांनी आतून दोनदा सांगितलं. दोघांनीही ऐकलं नाही.

सकाळी तात्या उठलेच नाहीत.

मला फोन आला तेव्हा मी दुकान उघडत होतो.

"जालिंदर, गाडी म्हागारी लावून दिलीया," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "रिकामी येतीया. मुरुगेशनला जेवाय घाल." आणि फोन ठेवून दिला.

मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो. समोर आण्णांचं बंद दुकान दिसत होतं. त्या दिवशी आमचंही उघडलं नाही.

आण्णा दिवसकार्य उरकून आगगाडीनं परत आले. गणपती तोवर होऊन गेले होते. त्या वर्षी नारळ एकावन्न रुपयांना गेला. हिशेबाच्या बैठकीला आण्णांनी टोपी काढून खुंटीला लावली, तेव्हा दिसलं की त्यांनी केस उतरवले होते. तात्यांना मूलबाळ नव्हतं.

निवृत्तीभाऊंनी जमाखर्च वाचला. वाचता वाचता ते गाडीभाड्यापाशी अडखळले आणि चाचरत म्हणाले, "आण्णा, हे भाडं कशाखाली दाखवू? नेलेला माणूस न्हाय, आणलेला माणूस न्हाय. गाडीत जाताना तुमीच, येताना रिकामी. उद्या कुणी इचारलं तर?"

आण्णांनी चष्मा काढला, आणि या वेळी तो पुसला नाही, डोळे पुसले.

"लिव्ह की," ते म्हणाले. "आणायला गेल्तो म्हणून."